मुदतमामांचे तीस दिवस

मुदतमामा भेटल्यावर कुणाला 'राम राम' घालत नसत, 'जयभीम' म्हणत नसत आणि 'काय, बरंय ना?' असंही विचारत नसत. ते आकडा सांगत. हिंगोलीच्या बसस्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत, कुणाच्या मयतीला, कुठंही गाठ पडो, समोरच्याकडे बघत, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत ते म्हणत, "अठरा." समोरचा माणूस पांढराफटक पडे. कारण खालच्या कोर्टानं त्याला शिक्षा सुनावलेली असे आणि वरच्या कोर्टात अपील करायला त्याच्याकडे नेमके अठराच दिवस उरलेले असत.

आमच्या जवळा बाजारला एका लग्नात त्यांनी हा उद्योग पंगतीत केला. नवरदेवाचा चुलता वरणाची बादली घेऊन वाढत वाढत त्यांच्यापाशी आला. मामांनी पत्रावळीवरून मान वर केली आणि म्हणाले, "नऊ." चुलत्यानं बादली तिथंच ठेवली आणि मांडवाबाहेर जाऊन वकिलाला फोन लावला. इकडे मुलीकडचे विचारू लागले, नऊ म्हणजे काय, नऊ कशाचे, आणि वाढायचं सोडून पाव्हणा का गेला? तोवर हाणामारीची ती केस मुलाकडच्यांनी कुणाला सांगितली नव्हती. लग्न मोडता मोडता राहिलं. मामांना त्याचं काही वाटलं नाही. "लगीन काय, फुडच्या तिथीला बी झालं असतं," ते म्हणाले, "अपिलाला फुडची तिथी नसती."

ते माझ्या सीनियर वकीलसाहेबांचे कारकून. खरं नाव उत्तमराव, पण ते फक्त रेशनकार्डावर उरलं होतं. नवी कोरी सनद घेऊन मी त्या ऑफिसात पहिल्या दिवशी गेले, तेव्हा साहेब कोर्टात होते आणि मामा एकटेच फायलींना दोरा बांधत बसले होते. मला बसाही न म्हणता त्यांनी विचारलं, "ताई, आज शिक्षा झाली तर मुदतीचा पैला दिवस कोन्ता?" मी म्हटलं, "आज." मामांनी दोरा खाली ठेवला. "उद्या," ते म्हणाले, "निकालाचा दिवस धरत न्हाईत. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस बी वजा जातात. चहा घेता का?" पाच वर्षं कायदा शिकून मी पहिल्याच प्रश्नाला आपटले होते. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घेतला.

मामांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कावीळ. मुदत उलटून गेली की उशीर माफ करा असा अर्ज द्यावा लागतो आणि उशिराचं कारण सांगावं लागतं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या एकच कारण चालत आलं आहे, ते म्हणजे अर्जदारास कावीळ झाली होती. डॉक्टरचा दाखला जोडायचा, की झालं. "हिंगोली जिल्ह्यात कावीळ पाण्यानं व्हतच न्हाई," मामा म्हणत. "एकतिसावा दिवस लागला की व्हती." त्यांच्या टेबलावरून काविळीचा अर्ज कधी पुढे गेला नाही. माणूस अर्जासाठी आला की ते त्याला समोर बसवून खरं कारण काढून घेत, आणि ते जसंच्या तसं लिहीत. एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'अर्जदार हा भावकीच्या सल्ल्याने चालला, भावकीस कायदा माहीत नव्हता, परंतु सल्ला देण्याची हौस होती.' वकीलसाहेबांनी डोक्याला हात लावला. पण अर्ज मंजूर झाला. कावीळ वाचून वाचून कंटाळलेल्या कोर्टाला बहुधा बरं वाटलं असावं.

लोकांना वाटतं, अपील म्हणजे सगळ्यांसाठी उघडं दार. तसं नसतं, हे सांगण्यात मामांचं निम्मं आयुष्य गेलं. गावाकडचा माणूस दिवस मोडतो म्हणून वैतागून "कबूल करून टाकतो, दंड भरतो, घरी जातो" म्हणायला लागला, की मामा त्याला दंडाला धरून बाजूला घेत. "कबूल केलंस की अर्धं दार लागलं. मग शिक्षा लई झाली म्हणून रडता येतं. म्या केलंच न्हाई, असं म्हणता येत न्हाई." आणि एका पानटपरीवाल्याचा किस्सा तर कोर्टात अजून सांगतात. रस्त्यात भांडण केलं म्हणून त्याला शंभर रुपये दंड झाला. पैशाचं काही नव्हतं, पण अब्रू गेली, अपील करायचंच, असा त्याचा हेका. मामांनी सांगितलं, "शंभरापर्यंतच्या नुसत्या दंडाला अपील न्हाई." तो म्हणाला, "आणि दीडशे असता तर?" मामा म्हणाले, "तर व्हतं." हा पठ्ठ्या तसाच आत गेला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, मेहेरबानी करा, पन्नास वाढवा." न्यायाधीशांनी त्याच्याकडे बघितलं आणि पुढचा पुकारा करायला सांगितलं.

नवे कायदे आले तेव्हा आम्ही सगळे वकील कलमांच्या तक्त्यात बुडून गेलो. अपिलाचं जुनं तीनशे चौऱ्याहत्तर आता चारशे पंधरा झालं, हे पाठ करताना साहेबांसारखा माणूसही रडकुंडीला आला. मामा शांत. "पोरीचं लगीन झालं की आडनाव बदलतं," ते म्हणाले. "पोरगी तीच ऱ्हाती. दिवस तीसच हायेत ना? मग कशाला तकलीफ करून घेऊन राहिले?" त्यांनी कॅलेंडर उघडलं आणि आपलं काम सुरू केलं. बाकीचे लोक कॅलेंडरच्या चौकटीत दुधाचे खाडे आणि गॅसची टाकी लिहितात. मामांच्या चौकटीत अख्ख्या जिल्ह्यातल्या शिक्षा झालेल्या लोकांचे उरलेले दिवस असत.

अशा माणसाच्या घरातच केस शिजावी, हा नशिबाचा पाजीपणा म्हटला पाहिजे.

मामांची धाकटी बहीण सरूबाई, गावातल्या गावातच दिलेली. तिचे यजमान बळीराम, म्हणजे मामांचे दाजी. आम्ही सगळेही त्यांना दाजीच म्हणायचो. मामांचं आणि दाजींचं शेत एका बांधाला. दाजींचा जीव होता हिऱ्या नावाच्या बैलावर, आणि हिऱ्याचा जीव होता मामांच्या सोयाबीनवर. एका सकाळी मामांनी हिऱ्याला सोयाबीनमध्ये पकडला आणि कासरा धरून उभे राहिले. शिवीगाळ केली असती तर भांडण तिथंच मिटलं असतं. पण मामा कारकून पडले. ते शांतपणे म्हणाले, "दाजी, रीतसर नोटीस देतो. मग बैल कोंडवाड्यात जाईल." कोंडवाड्याचं नाव ऐकल्यावर दाजींचं भान गेलं. त्यांच्या हातात कुऱ्हाड होती. ती उलटी करून, म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट तुंब्यानं, त्यांनी मामांच्या डोक्यात घातली. मामांना सात टाके पडले.

दवाखान्यात पोलिसानं विचारलं, कुणी मारलं? मामांनी सांगितलं. त्यांच्या मनात सूड वगैरे काही नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. पुढे केस उभी राहिली, आणि हत्यारानं मारल्याचं ते कलम असं निघालं की कोर्टाबाहेर आपसात मिटवायची सोय नव्हती. मग गाव मामांच्या मागे लागलं. साक्षीत पलट, म्हण की दगडावर पडलो, काळोख होता, काही दिसलं नाही. रोज कोर्टात फितूर साक्षीदार बघणाऱ्या माणसाला हे सांगायचं म्हणजे काय! सरूबाई ऑफिसात येऊन त्यांच्या पाया पडली. मी तिथं होते. मामा म्हणाले, "सरू, शपथ घ्यायलाच लावू नका मला. घेतली तर खोटं बोलता येणार न्हाई."

शपथ घ्यावीच लागली. औंढ्याच्या कोर्टात मामांनी सगळं सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. दाजींच्या वकिलानं उलटतपासात विचारलं, "आरोपीनं एकच फटका मारला ना?" मामा म्हणाले, "न्हाई, दोन. दुसरा बैलाला लागला. पण त्यो साक्षीला येणार न्हाई." कोर्ट हसलं. दाजी हसले नाहीत. बाकीचे साक्षीदार फुटले, कुऱ्हाडही जप्त झालेली नव्हती, पण मामांच्या साक्षीवर दाजींना एक वर्षाची शिक्षा झाली. अपील करायचं आहे असं त्यांच्या वकिलानं सांगितल्यामुळे तीस दिवसांचा जामीन मिळाला. त्या दिवसापासून सरूबाईनं भावाशी बोलणं टाकलं.

मग कॅलेंडरमध्ये एक नवा आकडा दिसू लागला. इतरांच्या आकड्यापुढे नाव असे. हा नुसताच, लाल पेन्सिलीनं. एकोणतीस, अठ्ठावीस, सत्तावीस. मी विचारलं, "हा कुणाचा?" मामा म्हणाले, "हाय एक हट्टी मानूस." मला कळायला वेळ लागला नाही. ज्यानं डोकं फोडलं, आणि ज्याला आपल्याच साक्षीनं शिक्षा झाली, त्याच्या अपिलाचे दिवस फिर्यादी मोजत बसला होता. मी म्हटलं, "मामा, हे म्हणजे अजबच." ते म्हणाले, "यात अजब काय? साक्ष येगळी, मुदत येगळी."

आकडा पंधराच्या खाली आला तरी अपिलाची हालचाल दिसेना, तेव्हा मामांची झोप उडाली. चौकशी केल्यावर कळलं ते असं : निकालाची मोफत प्रत हातात पडताच दाजींनी ती वकिलाकडे न नेता थेट औंढ्याला नागनाथाच्या पायाशी नेली होती. पाच सोमवारांचा नवस बोलले होते. दर सोमवारी उपास करायचा, कागद देवापुढे ठेवायचा, आणि पाचवा सोमवार झाला की मग वकिलाकडे द्यायचा. मामांनी पेरं मोजली. निकाल मंगळवारचा. पहिला सोमवार म्हणजे सहावा दिवस. पाचवा सोमवार म्हणजे चौतिसावा. प्रत त्याच दिवशी मिळालेली, त्यामुळे नकलेचे दिवसही वजा होणार नव्हते. मामा एवढंच म्हणाले, "चार दिवसानं गेला."

त्यांनी गावातून तीन वेळा निरोप पाठवला. तिन्ही वेळा उत्तर आलं, ज्यानं आत घातलं त्याच्या तोंडून मला दिवस ऐकायचे नाहीत. शेवटी चौथ्या सोमवारी मामा मला म्हणाले, "ताई, औंढ्याला चला. मी बोललो तर त्यो ऐकणार न्हाई. तुमी बोला, मी नुसता हुभा ऱ्हातो." मी म्हटलं, "मामा, देवाचं तुमचं तुम्ही बघा. मी मुदतीपुरती येते." ते म्हणाले, "मुदतीपुरतंच म्हन्तोय."

देवळाबाहेर बेलफुलांच्या दुकानापुढे एक बाकडं होतं. दाजी आणि सरूबाई दर्शन करून तिथं टेकले होते. दाजींच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत निकालाचा कागद, वर बेलाचं पान. मामा बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि मला मध्ये बसवलं. नुसते उभे राहण्याचं वचन त्यांनी मोजून अर्धा मिनिट पाळलं.

"ताई, ह्यांना म्हणावं, दिवस तीन राह्यलेत. गुरुवारी संपले."

दाजी माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, ह्या मानसाला म्हणावं, आधी डोक्स्याचे टाके मोज."

"ताई, ह्यांना सांगा, टाके सात व्हते. मोजून झालेत. कोर्टात बी लिवलेत."

"ताई, ह्याला सांगा, देवाच्या दारात मुदत नसती."

"ताई, त्यांना म्हणावं, बराबर हाय. पण अपील देवाच्या दारात न्हाई, हिंगोलीला हाय."

एक हातभर अंतरावर बसलेली दोन माणसं, आणि त्यांच्यामध्ये मी मान फिरवते आहे. एक शब्दही मला बोलावा लागला नाही. फुलवाला गिऱ्हाईक सोडून ऐकायला लागला. शेवटी मामांचा धीर सुटला. ते उठून दाजींच्या समोरच येऊन उभे राहिले आणि देवळाकडे हात करून म्हणाले, "नामदेवासाठी ह्या देवळानं तोंड फिरवलं म्हन्तात ना? व्हय, फिरवलं असंल. देऊळ फिरलं, पन तारीख फिरत न्हाई दाजी!"

कुऱ्हाडीच्या त्या सकाळनंतर दोन वर्षांत पहिल्यांदा ते दाजींशी थेट बोलले होते. दाजी गडबडले. "काहून वरडून राहिले?" ते म्हणाले. आवाज मऊ झाला होता. "चार सोमवार झालेत. एकासाठी नवस मोडू काय? देव कोपला तं?"

"मोडू नका. कागद आज ताईकडं द्या. राहिलेला सोमवार मी धरतो, तुमच्या नावानं. उपास बी मी करतो."

दाजी विचारात पडले. असला बदली उपास देवाला चालतो की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात सरूबाई, जिनं एवढे दिवस भावाकडे बघितलं नव्हतं, पदर सावरून म्हणाली, "दादा, तुला उपास झेपंल का? तुला शुगर हाय."

मामांनी देवळाकडे तोंड फिरवलं. दाजींनी पिशवीतून कागद काढला, बेलाचं पान खिशात ठेवलं आणि कागद माझ्या हातात दिला.

अपील मी माझ्या नावावर घेतलं. फिर्यादी स्वतः ज्यांचा कारकून, त्या साहेबांनी घेणं बरं दिसलं नसतं. माझ्या बसण्याची जागा तेव्हा जिन्याखाली होती. मंगळवारी दाजी समोर बसले, आणि मामांना मी बजावून जिन्यावर बसायला लावलं. दाजी म्हणाले, "लिवा, म्या मारलंच न्हाई." जिन्यावरून आवाज आला, "मग टाके काय मुंगळ्यानं घातले?" दाजी म्हणाले, "लिवा, त्यो पडला." जिना म्हणाला, "कोंच्या दगडावर? दगडाचं नाव सांगा." मी पेन ठेवला आणि दोघांनाही चहाला पाठवलं. दोघं गेले, एकमेकांपासून दहा पावलं अंतर ठेवून, आणि परत आले तेव्हा पाच पावलं होतं.

वकिली रीतीप्रमाणे मी दोन मुद्दे लिहिले. पहिला, फिर्यादीची एकट्याची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी नाही, सबब आरोपीला निर्दोष सोडावं. दुसरा, ते मान्य नसेल तर निदान शिक्षा फार आहे, ती कमी करावी. आमच्याकडचा कुठलाही कागद मामांनी वाचल्याशिवाय कोर्टात जात नसे. हा त्यांना देऊ नये असं माझ्या मनात होतं, पण त्यांनी हात पुढे केलाच. पहिला मुद्दा त्यांनी दोनदा वाचला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ते म्हणाले, "हितं 'जवळचा नातेवाईक व बांधाचे जुने वैर असलेला' हे घाला. नुसतं 'एकट्याची साक्ष' म्हनलं तर जोर येत न्हाई."

"मामा, अहो, यात तुम्हालाच खोटं पाडतोय आपण."

"पाडा की. तुमचं कामच हाय ते. मी खरं बोललो हे मला म्हाईत हाय, त्यांना म्हाईत हाय. कागद तेवढा येळेवर जाऊ द्या."

बुधवारी, एकोणतिसाव्या दिवशी, अपील दाखल झालं आणि शिक्षेला स्थगिती मिळाली. कॅलेंडरमधला लाल आकडा मामांनी स्वतः गोल करून खोडला. पुढच्या सोमवारी ते खरोखर औंढ्याला गेले. दुपारपर्यंत उपास धरला आणि चक्कर येऊन त्याच बाकड्यावर बसले. सरूबाईनं नवऱ्याच्या हाती भगरीचा डबा पाठवला होता. दाजींनी डबा उघडला, निम्मी भगर झाकणात काढून दिली, आणि दोघांनी एकमेकांकडे न बघता खाल्ली. हे मला फुलवाल्यानं सांगितलं. त्या वर्षी भाऊबीजेला सरूबाईनं मामांना ओवाळलं. दाजी म्हणे तेवढा वेळ बैलाला पाणी दाखवायला गेले होते, पण जेवायला पंगतीत बसले.

अपील करायला तीस दिवस असतात. अपील ऐकायला कोर्टाला मुदत नसते. हे मामांचं कायमचं गाऱ्हाणं. दाजींचं अपील तारखांवर तारखा घेत राहिलं. दरम्यान दोघं मेहुणे एकमेकांशी बोलायला लागले, म्हणजे भांडायला लागले. दाजी म्हणत, "खोटं बोललास." मामा म्हणत, "खरं बोललो." चहाच्या टपरीवर हा वाद एवढ्या वेळा झाला की टपरीवाला दोघांच्या वाट्याचं पाठ म्हणून दाखवी.

मग एका सकाळी मामा फायलींना दोरा बांधता बांधता टेबलावर कलले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी वकील आहे, रोज माणसांची दुःखं फायलीत लावते, पण त्या दिवशी मला ते टेबल बघवेना. त्यांच्या तालमीत मी तयार झाले. दिवस मोजण्याच्या ज्या हट्टाची मला पहिल्या दिवशी चीड आली होती, तो हट्ट म्हणजे माया होती, हे मी त्यांना एकदाही सांगितलं नाही. खांदा द्यायला दाजी पहिले पुढे झाले आणि स्मशानापर्यंत त्यांनी तो कुणाला बदलू दिला नाही.

चार महिन्यांनी अपील सुनावणीला लागलं. मी कसून तयारी केली होती. एकटा साक्षीदार, तोही नातेवाईक, त्यात वैर, कुऱ्हाड जप्त नाही, पंच फुटलेले. मामांनी सांगितलेला तो शब्द तर फारच कामाचा होता. निर्दोष सुटण्याची चांगली आशा होती, आणि तसं मी दाजींना आणि सरूबाईला व्हरांड्यात सांगितलं.

दाजी म्हणाले, "ताई, त्यो पैला मुद्दा वाचून दावा."

मी वाचला. फिर्यादी हा जवळचा नातेवाईक व बांधाचे जुने वैर असलेला असून त्याची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी नाही.

"हे खोडा."

मला वाटलं, त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं, "दाजी, सुटायचा रस्ता हाच आहे. हे सोडून दिलं तर तुम्ही मारलंत हे कायम होईल. मग फक्त शिक्षा कमी करा एवढंच मागता येईल, आणि ती कमी होईलच असं नाही. वर्षभर आत जावं लागेल."

"जाईन." दाजी खाली बघत होते. "त्यो जिता व्हता तवर म्या त्याला रोज खोटा म्हनलो. त्यो रोज उत्तर देत व्हता. आता म्या म्हनलो, तं उत्तर कोन देनार?"

मी सरूबाईकडे बघितलं. तिचा नवरा आत गेला असता तर शेत, घर, हिऱ्या, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात पडणार होतं. ती म्हणाली, "खोडा ताई."

मी कोर्टाला सांगितलं, दोषी ठरवण्याबद्दल आमची तक्रार नाही, फक्त शिक्षेपुरतं ऐकावं. न्यायाधीशांनी मान वर केली. माझ्यासारख्या वकिलानं हातचा मुद्दा असा सोडलेला त्यांना पटेना. त्यांनी दाजींना पुढे बोलावलं आणि समजतंय का म्हणून विचारलं. दाजी हात जोडून म्हणाले, "व्हय साहेब. म्याच मारलं. दोन फटके मारले. आमचे मेव्हणे बराबर बोलले व्हते."

निकाल त्याच आठवड्यात झाला. गुन्हा कायम राहिला. वर्षाच्या कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेऊन दाजींना घरी सोडलं. सरूबाईनं मला कोर्टाच्या पायरीवर थांबवलं आणि विचारलं, "ह्यात दादाचं काय लिवलंय?" मी शोधून वाचलं : फिर्यादीची साक्ष खरी आहे. ती म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. दाजी बाजूला टोपी हातात घेऊन उभे होते. "मोठ्यानं वाचा ताई," ते म्हणाले.